वृद्धनिवासाची पारख: काय पाहावं, कधी पाहावं, काय विचारावं

रात्री दोन वाजता, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोण बदलतं? वृद्धनिवास पाहायला जाताना एवढा एकच प्रश्न खिशात ठेवला, तरी पुरेल. बाग, रंगीत भिंती, वाढदिवसांचे फोटो हे सगळं सकाळी अकरा वाजता येणाऱ्या पाहुण्यांसाठी असतं. काळजीचा कस लागतो तो माणसं कमी आणि कामं जास्त असतात तेव्हा: पहाटे, जेवणाच्या वेळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी. आणि तो दिसतो सगळ्यात परावलंबी माणसाच्या अंगावर. जो बोलू शकतो, भांडू शकतो, त्याच्याकडे लक्ष दिलंच जातं. ज्याला तोंड उघडून मागता येत नाही त्याची नखं, टाचा, ओठ आणि कवळी पाहा.

जाण्याआधी: आपल्या माणसाचा कागद

संस्था चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती कोणासाठी हे लिहून काढा. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचं नियंत्रण आणि जेवण या सहा कामांपुढे 'स्वतः', 'थोडी मदत' किंवा 'पूर्ण मदत' असं लिहा. खाली औषधं वेळेसकट, शेवटचं वजन, मागच्या सहा महिन्यांतली पडझड, गिळायला होणारा त्रास, रात्री किती वेळा उठतात, विसरभोळेपणा किती आणि कोणत्या वेळी जास्त. हा कागद संस्थेच्या प्रमुखांपुढे ठेवला की बोलणं आपोआप नेमकं होतं. 'आम्ही सगळ्यांचं सगळं करतो' हे उत्तर फारसं कामाचं नाही. 'रात्री तीनदा उठत असतील तर पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवू आणि पहिला आठवडा वेळा लिहून काढू' असं म्हणणाऱ्याला काम माहीत आहे.

माणसं मोजा, आणि गुणाकार करा

'दर आठ जणांमागे एक सेविका' असं सांगितलं जातं. या आकड्यात बहुधा कार्यालयातली, स्वयंपाकघरातली आणि सफाईची माणसंही धरलेली असतात, आणि तो सकाळच्या पाळीचा असतो. म्हणून विचारायचं ते असं: मागच्या रविवारी रात्री या मजल्यावर प्रत्यक्ष कोण कोण हजर होतं? त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती? ती इमारतीत होती की फोनवर? शक्य असेल तर पाळीचा तक्ता पाहा.

मग कागदावर हिशेब मांडा. समजा ४० रहिवासी आहेत. त्यांतल्या १२ जणांना पूर्ण मदत लागते. उठवणं, शौच, तोंड धुणं, अंग पुसणं किंवा आंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, घाई न करता एका माणसाला ४० मिनिटं धरा. म्हणजे ८ तासांचं काम. उरलेल्या २८ जणांना सरासरी १५ मिनिटं धरली तर आणखी ७ तास. एकूण १५ तासांचं काम सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत व्हायला हवं. सहा सेविका असतील तर हाताशी १८ तास आहेत, जमेल. चारच असतील तर १२ तास, म्हणजे ३ तास कमी. ते कुठून येतात? कोणाचे दात राहतात, कोणाची आंघोळ 'उद्या' होते, कोणाला पहाटे चार वाजताच उठवून कपडे घालून बसवून ठेवलं जातं. सेविका कितीही मायाळू असल्या तरी हे होणारच. दोष त्यांच्या स्वभावाचा नाही.

रात्रीचा हिशेब आणखी कडक आहे. कूस बदलावी लागणारी सहा माणसं, प्रत्येकासाठी दोघी, दहा मिनिटं, दर दोन तासांनी. म्हणजे रात्रभर दर दोन तासांपैकी एक तास दोघीही एकाच कामात गुंतलेल्या. मजल्यावर दोघीच असतील तर त्या तासात वाजणाऱ्या घंटेकडे कोण जाणार? हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर द्यायला लागणारा वेळही एक उत्तरच असतं.

बदलत्या माणसांचंही विचारा. सध्याच्या सेविकांपैकी वर्षाहून जास्त काळ किती जणी आहेत? बाहेरच्या एजन्सीकडून आलेल्या किती? बोलू न शकणाऱ्या माणसाला दुखतंय की भूक लागली आहे, हे फक्त चेहरा ओळखीचा झालेल्या माणसालाच कळतं. दर महिन्याला नवी सेविका येत असेल तर ती ओळख होतच नाही.

पहिली भेट ठरवून, दुसरी न सांगता

पहिली भेट प्रमुखांशी बोलण्यासाठी. दुसरी जेवणाच्या वेळी, तिसरी संध्याकाळी सहानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी. आत जाताना नाव-वेळ नोंदवणं आणि ओळख विचारणं योग्यच आहे, त्याला अडवणूक समजू नका. पण 'भेटीची वेळ फक्त चार ते पाच' असं ठासून सांगितलं, तर उरलेल्या तेवीस तासांचं काय हे समजून घ्या.

नाकाचा उपयोग करा. एखाद्या खोलीत त्या क्षणी वास आला तर तिथे आत्ताच काहीतरी झालेलं असू शकतं. अर्ध्या तासाने पुन्हा त्याच दारावरून जा. पण लघवीचा जुना, आंबट वास जिन्यात, सोफ्यात, पडद्यांत मुरलेला असेल तर ओले कपडे वेळेवर बदलले जात नाहीत. वास मुळीच नाही आणि सुगंधी फवाऱ्याने डोकं दुखतंय, हेही शंकेचंच.

घंटेकडे पाहा. पलंगाच्या वर दोरी असते. ती कठड्याला गाठ मारून वर टांगलेली आहे का? लकव्याने उजवी बाजू गेलेल्या माणसाच्या उजव्या हाताशी बटण ठेवलेलं आहे का? पाण्याचा पेला हात पोचेल अशा जागी आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर? चष्मा नाकावर आहे की खणात, कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, कवळीच्या डबीवर नाव आहे का? या बारीक गोष्टी एका फेरीत दिसतात आणि माहितीपत्रकातल्या दहा पानांपेक्षा जास्त सांगतात. कुठे घंटा वाजली तर घड्याळ पाहा. पाच मिनिटांत कोणी आलं तर ठीक. दहा मिनिटं लागत असतील तर शौचाला जायचं असलेला माणूस एक तर अंथरुणात करतो, नाहीतर एकटाच उठतो आणि पडतो. 'आले हं' म्हणून घंटा बंद करून निघून जाणं ही तिसरी तऱ्हा. घंटेच्या नोंदीत ती 'वेळेत प्रतिसाद' म्हणून दिसते.

जेवणाची वेळ

एक पूर्ण जेवण बसून पाहू द्या अशी विनंती करा. भरवणारी सेविका बसून, डोळ्यांच्या पातळीवरून भरवते की उभी राहून, दोघांना आळीपाळीने घास देते? आधीचा घास गिळला की नाही हे पाहते का? गिळायला त्रास असलेल्या माणसाला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यायचे असतात, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नसतं. घाईत हे पाळलं गेलं नाही की अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. जेवताना खोकला, ओला-घरघरता आवाज, गालात साठलेला घास ही त्याची आधीची लक्षणं. तोंड साफ ठेवणं याच कारणाने महत्त्वाचं आहे: घाणेरड्या तोंडातली लाळ छातीत गेली तर जास्त घातक ठरते. दाट केलेलं पेय ज्यांना सांगितलं आहे त्यांना ते कोण, कशाने मोजून दाट करतं, तेही विचारा. अंदाजपंचे कालवलं तर एका पाळीत पातळ आणि दुसऱ्या पाळीत लापशी.

जेवण संपल्यावर ताटं पाहा. अर्धी भरलेली ताटं परत जात असतील आणि कोणी लिहून घेत नसेल, तर वजन उतरल्याचं महिन्यांनी कळेल. वजनाचे उंबरठे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एका महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती गंभीर. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो वजन उतरलं तर 'वय झालं की असं होतंच' हे उत्तर स्वीकारू नका.

त्वचा: खोटं न बोलणारा पुरावा

दाबाने होणाऱ्या जखमा, म्हणजे बेडसोअर, मुख्यतः माकडहाड, टाचा, कमरेची बाजू, घोटे, कोपर आणि डोक्याच्या मागे होतात. पहिली पायरी म्हणजे न उघडलेल्या त्वचेवर लाल डाग. बोटाने दाबून सोडा: पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर दाब हटवला की बरा होण्याची शक्यता चांगली. पांढरा पडतच नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा आणि दुखणं पाहावं लागतं. चौथ्या पायरीपर्यंत जखम स्नायू-हाडापर्यंत गेलेली असते.

साध्या गादीवर धोका असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. दाब कमी करणारी गादी असेल तर हे अंतर परिचारिका त्वचा पाहून ठरवते. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबवतात, ही नेहमीची चूक. खुर्चीत बसणाऱ्यांना तर निदान दर तासाला हलवावं लागतं, कारण बसताना सगळा भार माकडहाडावर आणि बैठकीच्या हाडांवर येतो. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून उशी पोटरीखाली हवी, टाचेखाली नव्हे. मधे भोक असलेली गोल रिंग दिली असेल तर ती संस्था जुन्या समजुतीवर चालते आहे. रिंगेच्या कडेचा दाब रक्तपुरवठा आणखी तोडतो.

विचारा: दाखल होताना धोका कसा मोजता? ब्रेडन मोजपट्टीवर ६ ते २३ गुण असतात आणि १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका. मोजपट्टी कोणतीही असो, आकडा आणि तारीख लिहिलेली असावी. त्यापुढचा प्रश्न जास्त मोलाचा: सध्या किती जणांना जखमा आहेत, आणि त्यांतल्या किती इथे आल्यावर झाल्या?

नोंदवह्या कशा वाचाव्यात

दुसऱ्या रहिवाशांचे कागद नावासकट मागू नका, दाखवले तर ते चुकीचंच आहे. नाव झाकलेला नमुना मागा.

कूस बदलण्याच्या तक्त्यावर १०:००, १२:००, २:००, ४:०० अशा घोटीव वेळा, एकच पेन, एकच हस्ताक्षर असेल तर तो पहाटे एका बैठकीत भरलेला आहे. खऱ्या नोंदीत ११:५०, २:१५ असं येतं, आणि मधे कुठेतरी 'उलटी झाली, कपडे बदलले' असंही. दुपारी भेट दिलीत आणि संध्याकाळच्या रकान्यात आधीच सही दिसली, तर पुढचं काही पाहायची गरज नाही.

काळजी-योजनेत 'पडण्यापासून जपावे' असं लिहिलेलं असतं, त्याने कोणाला काही कळत नाही. 'रात्री ११ आणि ३ वाजता शौचाला नेणे, वॉकर पलंगाच्या डाव्या बाजूला, पायात न घसरणारे मोजे' अशी योजना सेविकेला वापरता येते. शेवटचा बदल कधी केला ती तारीख पाहा. पडल्यानंतर, रुग्णालयातून आल्यानंतर योजना बदलली नसेल तर ती फक्त कपाटात आहे.

अपघातांची वही पाहताना एक उलटं गणित लक्षात ठेवा. चाळीस वृद्धांच्या घरात वर्षभरात एकही पडझड नाही, असं होत नाही. तिथे पडझड लिहिली जात नाही. भरपूर नोंदी, प्रत्येकीपुढे कारण आणि काय बदललं हे लिहिलेलं, ती वही चांगली. पडल्यावर काय करता हेही विचारा. रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांकडे नेणं गरजेचं असतं, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उघड होतो. 'उठवून बसवलं, ठीक होते' एवढ्यावर हे भागत नाही.

औषधं

औषधांची एक फेरी पाहायला मिळाली तर सोनं. आधीच छोट्या वाट्यांत काढून ट्रेमध्ये मांडून ठेवलेल्या गोळ्या हा धोक्याचा नमुना आहे. ट्रे एकदा हलला की कोणती गोळी कोणाची हे सांगता येत नाही. बरोबर पद्धत अशी: एका वेळी एक माणूस, नाव आणि फोटो जुळवून, गोळी गिळलेली पाहून, मग सही. तक्त्यातले रिकामे चौकोन म्हणजे दिलं की नाही हे कोणालाच माहीत नाही.

वेळेचा प्रश्न पार्किन्सन असलेल्यांच्या बाबतीत कसोटीचा. या आजारावरच्या लेव्होडोपा या औषधाचा डोस तासभर उशिरा गेला तर माणूस आखडतो, गिळता येत नाही, पडतो. 'आमची फेरी आठ वाजता असते' हे उत्तर अशा माणसासाठी चालणार नाही. गोळ्या सरसकट कुटून देतात का, तेही विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

शामक औषधांकडे बारीक लक्ष हवं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधी कधी ती लागतात. पण कोणत्या त्रासासाठी, किती दिवस, आणि कमी करून कधी पाहणार हे लिहिलेलं असायला हवं. दुपारी तीन वाजता दिवाणखान्यात सगळेच मान टाकून बसलेले दिसले, तर 'आमच्याकडे फार शांत वातावरण आहे' या वाक्याचा अर्थ वेगळा लागतो.

बांधून ठेवणं नेहमी दोरीनेच होतं असं नाही. समोर अडकवलेला ट्रे, उठताच येणार नाही अशी खोल खुर्ची, घट्ट खोचलेली चादर, लांब ठेवलेला वॉकर ही सगळी बंधनंच. पलंगाचे कठडे सुरक्षित वाटतात, पण गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो.

थोडक्यात उरलेलं

एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ होतात का: जंतुनाशकाने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६० सेकंद. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता अडकवलेली असावी, आणि नळी अजून का ठेवली आहे याचं कारण लिहिलेलं असावं. आंघोळीचं पाणी ४४ अंश सेल्सिअसच्या वर नको. ६० अंशाचं पाणी म्हाताऱ्या त्वचेला काही सेकंदांत भाजतं. करारात तीनच कलमं नीट वाचा: गरज वाढली की शुल्क कसं वाढतं, कोणत्या स्थितीत जागा सोडायला सांगतील, आणि रुग्णालयात असताना खोली किती दिवस राखतील.

दाखल झाल्यावरचे पहिले दिवस

शक्य असेल तर आधी दोन ते चार आठवडे तात्पुरतं ठेवून पाहा. पहिल्याच दिवशी परिचारिकेसोबत डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचा पाहा, वजन करा, औषधांची यादी जुळवा आणि तिन्ही गोष्टी तारखेसह दोघांच्या सहीने लिहा. नंतर वाद होतो तो याच मुद्द्यावर: जखम आधीची की इथली?

पुढे भेटीची वेळ दर वेळी बदला. ओठ कोरडे आहेत का, नखांत घाण आहे का, टाचा कशा आहेत, कपडे स्वतःचेच आहेत का, एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, झोपाळूपणा आला, तर डिमेन्शिया वाढला असं गृहीत धरू नका. संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ किंवा नवं औषध हे आधी तपासायला सांगा, त्याच दिवशी.

तक्रार तोंडी करू नका. 'लक्ष देत नाहीत' असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. 'मंगळवारी दुपारी ३:२० ला आले, डायपर पूर्ण भिजलेलं, तक्त्यावर २:०० ची सही' असं लिहिलं की प्रमुखांना पाळी आणि माणूस शोधावाच लागतो. आठवड्याने पुन्हा त्याच वेळी जा. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, विशिष्ट सेविका आली की अंग चोरणं, न सांगितलेली खोल जखम, कारणाविना दिवसभराची गुंगी, यांपैकी काही दिसलं तर आठवड्याची वाट पाहू नका: फोटो, तारीख, बाहेरच्या डॉक्टरांची तपासणी, आणि वृद्धनिवासांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे लेखी तक्रार.

जागा बदलायचीच ठरली तर निघण्याआधी औषधतक्ता, जखमांची मापं, वजनाच्या नोंदी आणि काळजी-योजनेची प्रत हातात घ्या. औषधांचा शेवटचा डोस किती वाजता दिला तेही त्यावर लिहून मागा. नव्या जागी पहिल्या रात्रीचा डोस एक तर चुकतो किंवा दोनदा दिला जातो.